तात्यासोंची सीट

कृष्णात रेडेकराला बहुतेक गोष्टी सहन व्हायच्या. शाहूपुरीतल्या गल्लीची धूळ, गिऱ्हाइकांची घाई, फोमचा भुसा नाकात जाऊन येणाऱ्या शिंका, यातलं काहीही त्याला चालायचं. चालायचं नाही ते एकच. त्याच्यादेखत दुसऱ्याचं कौतुक. आणि तो दुसरा बाबालाल असला तर मग त्या दिवशीचं जेवण गोड लागायचं नाही.

बाबालाल मुल्लाणी म्हणजे शेजारच्या गाळ्यातला गाड्यांचा वायरमन. सत्तावीस वर्षं दोघांच्या दुकानांमध्ये एकच भिंत आणि सकाळचा चहा एकाच किटलीतला. अशा शेजाराला मैत्री म्हणतात, आणि ती होतीच. कृष्णातच्या मुलीच्या, क्रांतीच्या लग्नात मांडवातली सगळी लाइट बाबालालनं स्वतः ओढली, हळदीपासून वरातीपर्यंत माणूस जागचा हलला नाही. पण पाहुणे मंडळी ‘लाइटिंग काय झकास हाय’ म्हणायला लागली आणि नवरीच्या बापाचं तोंड आंबट झालं. स्वतःच्या पोरीच्या लग्नात! अशा माणसाला काय म्हणावं? त्याची बायको बनाबाई म्हणायची, ‘तुमच्या पोटात जळतंय ते चुलीत घातलं आस्तं तर गॅस लागला नस्ता.’

पण माणूस कारागीर होता, हे कबूल करायलाच हवं. मूळचा नेसरीचा. सतराव्या वर्षी कोल्हापुरात आला आणि एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली कुशनचं काम शिकला. उस्ताद गेल्यावर स्वतःचा गाळा घेतला. सीट शिवणारे शहरात ढिगानं होते, पण कृष्णातची रीत वेगळी. माप तो टेपनं घ्यायचा नाही. दुकानात एक पसरट पोतं होतं, गव्हाच्या कोंड्यानं भरलेलं. गिऱ्हाइकाला त्याच्यावर बसवायचा, पाच मिनिटं गप्पा मारायचा आणि मग उठवायचा. कोंड्यात जो खळगा पडलेला असायचा तो वाकून बघायचा, हातानं चाचपायचा. माणूस कुठल्या बाजूला कलतो, कुठल्या मांडीवर भार टाकतो, कंबर कुठं सोडतो, सगळं त्याला त्यात दिसायचं. मग तेवढाच फोम तिथं चढवायचा, तेवढाच तासायचा. लोक हसायचे, आणि एकदा सीटवर बसले की हसायचे थांबायचे.

या पोत्यावर बसून गेलेलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे तात्यासो मगदूम. शिरोली एमआयडीसीत त्यांची फौंड्री. जैन घराणं, बोलायला तिखट, शब्दाला पक्कं. तरुणपणी भट्टीसमोर उभं राहून पाठीचं मातेरं झालेलं. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या ॲम्बॅसॅडरची सीट कृष्णातनं केली आणि तात्यासो आठ दिवसांनी परत आले. कृष्णातला वाटलं, आता शिव्या. तात्यासो गल्लीत उभं राहून मोठ्यानं म्हणाले, ‘डाक्टरास्नी जमलं न्हाय ते ह्या गड्यानं केलं.’ त्या दिवशी कृष्णात हवेत चालत घरी गेला. नंतर मगदुमांच्या घरात पाच गाड्या आल्या आणि प्रत्येक गाडी शोरूममधून निघून आधी कृष्णातच्या दारात थांबली. गल्लीत कुणी नवा पाहुणा आला, की कृष्णात काहीतरी निमित्त काढून सांगायचाच, ‘तात्यासोंची सीट मीच करतो.’ बाबालालनं हे वाक्य हजारदा ऐकलं असेल. दर वेळी तो मान डोलवायचा आणि टेस्टर कानामागं खोचून आपल्या कामाला लागायचा.

दोघांत एक न बोललेली वाटणी होती. बसायचं ते कृष्णातचं, पेटायचं आणि वाजायचं ते बाबालालचं. कुणी कुणाच्या हद्दीत पाय टाकायचा नाही. ही वाटणी कंपन्यांनीच मोडली. सीटच्या खाली मोटर बसवली.

यंदा उन्हाळ्यात तात्यासोंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं शरीर. दोन महिने घरात वॉकर धरून फेऱ्या. त्यांना चढता-उतरताना त्रास नको म्हणून त्यांच्या सुनेनं, सोनलनं, पुढच्या दोन्ही सीट इलेक्ट्रिक असलेली नवी गाडी घेतली. एका शुक्रवारी सकाळी ती गाडी घेऊन गल्लीत आली. कृष्णातनं लांबूनच ओळखलं. हात पुसले, पोतं झटकलं, शर्टाची कॉलर नीट केली.

गाडी त्याच्या दुकानावरून चार फूट पुढं गेली आणि बाबालालच्या दारात थांबली.

ते चार फूट कृष्णातला काळजात टोचले. सोनलनं त्याच्याकडं बघून मान हलवली, हसलीसुद्धा, आणि बाबालालला म्हणाली, ‘काका, सीटचं सेटिंग करून द्या ना. मला दोन जागा हव्यात. एक तात्या बसतानाची, एक गाडी चालू असतानाची.’

बाबालाल खूश. नवीन वस्तू दिसली की त्याच्या तोंडाला कुलूप राहत नसे. दार उघडून त्यानं सीटच्या बाजूची बटणं दाबली आणि सीट घुर्र करत मागं गेली. ‘कृष्णा, हिकडं ये की, बघ,’ त्यानं हाक मारली. कृष्णातला जायचं नव्हतं. तो गेला.

‘ह्यात जादू काय न्हाय,’ बाबालाल वाकून खाली बोट दाखवत म्हणाला. ‘सीट रुळावर बसलीया. ही बारकी मोटर मागं-म्होरं कराय, ही वर-खाली कराय, आन् पाठीची येगळी. मोटर लांब स्क्रू फिरीवती. स्क्रू फिरला की त्याच्यावरचा नट सरकतो, आन् नटासंगं सीट. आपल्या बाकावरचा व्हाइस कसा सरकतो, तसंच. बटण म्होरं दाबलं की करंट एकीकडनं, मागं दाबलं की उलटा. मोटर उलटी फिरती, सीट उलटी जाती. बास.’

‘आन् माणूस जड आसला तर सीट मागं ढकलली जात न्हाय?’ कृष्णातनं विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

‘न्हाय. स्क्रू जिथल्या तिथं धरून ठेवतोय. मोटर बंद झाली की चार माणसांनी ओढली तरी जागची हलणार न्हाय.’ बाबालाल सोनलकडं वळला. ‘आन् मेमरी म्हंजे, मोटर किती फेरं फिरली ते मोजाय आत एक सेन्सर हाय. तो आकडा डबा ध्यानात ठेवतोय. एक नंबर दाबला की तेवढंच फेरं, दोन नंबर दाबला की तेवढंच. तात्यासोंची बैठक आता ह्या डब्यात.’

तात्यासोंची बैठक आता ह्या डब्यात! कृष्णातच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पंचवीस वर्षं कोंड्यात हात घालून जे त्यानं ओळखलं ते आता काळ्या डब्यातला एक आकडा झालं होतं, आणि तो आकडा घालणारा बाबालाल होता. सीट त्याची, बैठक त्याची, आणि बोलतोय हा वायरवाला.

बाबालालनं दोन्ही जागा लावून दिल्या. सोनल मग कृष्णातकडं आली. ‘तुमच्याकडंही काम आहे, काका. कव्हर तेवढं घाला. लेदर नको, आमच्यात चालत नाही, चांगलं कापडी घाला.’

‘तेवढं’ हा शब्द कृष्णातनं गिळला. ‘तात्यासोंस्नी एकदा आणा की पोत्यावर. ऑपरेशननंतर बैठक बदलती माणसाची.’

‘कशाला त्यांना त्रास? बाबालालकाकांनी सगळं मेमरीत घातलंय ना.’

ती रिक्षा करून गेली. दुपारी तीनला गाडी न्यायला येणार होती. बाबालाल नमाजाला निघायच्या घाईत होता, पण जाताजाता थांबला. ‘कृष्णा, दोन गोष्टी. पिवळ्या वायरीला हात लावू नको, ती एअरबॅगची हाय. आन् खाली जो वायरीचा झोळ लोंबतोय तो तसाच असू दे. सीट म्होरं जाती तवा वायरीला बी जावं लागतंय. बांधू नको.’

‘मला शिकवू नको,’ कृष्णात म्हणाला.

कव्हर त्यानं मनापासून शिवलं. राग कितीही असला तरी हात खोटं काम करत नसत. करड्या रंगाचं जाड सुती कापड, टाके सरळ, कोपरे घट्ट. सीट पार मागं होती. तो पुढच्या मोकळ्या जागेत आडवा झाला, मान वाकडी करून खालचे हुक अडकवले. आणि हुक अडकवून झाल्यावर, सीटखाली काहीही लोंबत दिसलं की त्याचे हात जे करायचे तेच त्यांनी केलं. मेणाचा दोरा घेतला, वायरीचा झोळ गोळा केला आणि खालच्या पट्टीला आवळून बांधला. उस्तादानं पहिल्या महिन्यात शिकवलेली गोष्ट. लोंबतं ठेवशील तर खडखड वाजेल, गिऱ्हाईक शिव्या देईल. तीन वेढे, दोन गाठी, शेपूट आत दुमडलेलं. असं हजारो सीटखाली त्यानं केलं होतं.

गाठ मारून झाली आणि बाबालालचं बोलणं आठवलं. दोरा कापायची घडीची पाती हाताशीच होती. एक फटका मारला की दोरा तुटला असता.

कृष्णात तसाच आडवा पडून राहिला. गाठीकडं बघत. काय होईल? वायर ओढली जाईल, सीट अडेल. सोनल चिडेल. तात्यासो विचारतील, सेटिंग कुणी केलं? बाबालालनं. मग तात्यासो म्हणतील, कुठाय आमचा कृष्णात? एवढा हिशेब व्हायला वेळ लागला नाही. मत्सराचं डोकं भलतं चलाख असतं, आणि ते फक्त अर्ध्याच रस्त्यापर्यंत बघतं.

त्यानं पाती मिटली आणि खिशात घातली.

तीनला सोनल आली. बाबालाल अजून परतला नव्हता. ती गाडी घेऊन गेली. रात्री कृष्णात घरी दोन भाकऱ्या जास्त जेवला. बनाबाईनं विचारलं, ‘आज काय घावलं?’ तो म्हणाला, ‘काय न्हाय,’ आणि आमटी मागितली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास बाबालालचा फोन वाजला. त्यानं ‘व्हय, व्हय ताई, आलो’ म्हटलं आणि स्कूटर काढली. ‘कृष्णा, चल. तात्यासो गाडीत अडकल्यात. शिरोलीला, कंपनीच्या गेटात. सीट उचलाय लागली तर तुजं हात लागतील.’

नाही म्हणायला निमित्त सुचलं नाही. तो मागं बसला.

दोन महिन्यांनी मालक पहिल्यांदा कंपनीत येणार म्हणून कामगार गेटात जमले होते. एकाच्या हातात हार होता आणि तो हार आता काय करावा ते त्याला कळत नव्हतं. गाडीचं दार उघडं. आत तात्यासो. निघताना सोनलनं एक नंबर दाबून त्यांना बसवलं होतं, मग दोन नंबर दाबला. सीट पुढं सरकली, सरकली, आणि पाठ मागं कलायच्या आधीच कट्ट होऊन सगळं बंद. सोनलला वाटलं, पोहोचल्यावर बघू. इथं आल्यावर सीट मागं जाईना. म्हाताऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकलेले, पाठ ताठ, बूड सरकवायला जागा नाही. उचलायला गेलं की खुबा पिळवटायचा. दोघा-तिघांनी सीटला रेटा देऊन बघितला होता. सीट जागची हलली नव्हती, बाबालालनं काल सांगितलं होतं तशी.

‘डॉक्टरांनी सांगितलंय गुडघा कमरेच्या वर जाऊ द्यायचा नाही,’ सोनल म्हणाली. ‘अर्धा तास झाला.’

कृष्णातनं तात्यासोंच्या तोंडाकडं बघितलं. रंग उतरलेला, ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. कालच्या हिशेबात सीट होती, वायर होती, सोनल होती, बाबालाल होता. या सीटवर एक माणूस बसणार आहे, हे बैठकीचा एवढा अभिमान असलेल्या कृष्णातला सुचलंच नव्हतं. लाज वाटली.

बाबालाल मागच्या सीटसमोर आडवा झाला, मोबाइलची बॅटरी लावून डोकं खाली घातलं. मग हात बाहेर आला.

‘पाती दे.’

कृष्णातनं खिशातली पाती काढून दिली. सीटखाली कच्चकन आवाज झाला, मग वायरीची निसटलेली पिन परत बसल्याचा टक्. ‘ताई, दाबा एक नंबर.’ सीट घुर्र करत सावकाश मागं गेली. तात्यासोंच्या तोंडून ‘अरिहंता’ निघालं. दोघांनी धरून त्यांना उतरवलं, वॉकर पुढं केला. ते उभे राहिले, श्वास घेतला, आणि बाबालालकडं वळले.

‘काय झालतं?’

बाबालाल गुडघ्यांवरची माती झटकत उठला. डाव्या मुठीत दोरा होता. तीन वेढे, दोन गाठी. सत्तावीस वर्षं शेजारी बसलेल्या माणसाला ती गाठ कुणाची ते सांगायची गरज नव्हती. त्यानं कृष्णातकडं बघितलंसुद्धा नाही.

‘माजी चूक झाली, तात्यासो. वायर ढिली सोडाय पायजे हुती. ध्यानातनं गेलं.’

मग तात्यासो जे बोलले ते सगळ्या कंपनीनं ऐकलं. अर्धवट शिकून म्हाताऱ्या माणसांच्या जिवाशी खेळता काय, लाज वाटत न्हाय काय, दाढी पांढरी झाली न्हवं का. बाबालाल मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी तात्यासो कृष्णातकडं वळले. ‘कृष्णात, ही सीट आता तूच बघायची. ह्याला हात लावू द्यायचा न्हाय.’

हेच तर हवं होतं. शब्द न् शब्द हेच. कृष्णातनं मान हलवली, पण तात्यासोंकडं त्याला बघवेना.

तात्यासो वॉकर टेकत आत केबिनमध्ये गेले, सोनल त्यांच्यामागं. हे दोघं गेटाबाहेर स्कूटरपाशी आले. बाबालालनं किल्ली लावली. ‘बस.’

‘तुजी चूक म्हणून का सांगितलंस?’

‘बस की मर्दा, ऊन लागाय लागलंय.’

‘आधी सांग.’

बाबालालनं मुठीतला दोरा त्याच्या हातात दिला. आवाजात राग नव्हता. ‘तात्यासो एकदा तुटलं की तुटलं. मला गिऱ्हाइकं रग्गड हाईत, कृष्णा. तुला तात्यासोच हाईत.’

शिवी दिली असती तर परवडलं असतं. थोबाडीत मारली असती तर कृष्णातनं गाल पुढं केला असता. पण ही दया! या माणसानं त्याची सीट घेतली, बैठक घेतली, आणि आता वरून मोठेपणाही हाच घेऊन चालला होता. कृष्णातनं आयुष्यभर बाबालालच्या हुशारीचा हेवा केला, त्याच्या बोलघेवडेपणाचा केला, लग्नातल्या लाइटिंगचासुद्धा केला. आज त्याच्या चांगुलपणाचा वाटला, आणि तो सगळ्यांत जास्त झोंबला. तो तसाच वळला आणि परत गेटातून आत गेला. पश्चात्तापानं गेला असं म्हणायला मला आवडलं असतं. थोडा पश्चात्ताप होताही. पण बाबालाल एकटाच मोठा ठरतोय हे बघवेना, म्हणून तो गेला.

केबिनमध्ये तात्यासो खुर्चीत टेकले होते. सोनल पाणी देत होती. कृष्णात दारातच उभा राहिला आणि दोरा टेबलावर ठेवला.

‘वायर मी बांधलती, तात्यासो. त्यानं बांधू नको म्हणून सांगितलं हुतं.’

तात्यासोंनी दोरा बघितला, मग त्याला. ‘मुद्दाम?’

‘बांधली सवयीनं. पाती हातात असताना सोडली न्हाय, ती मुद्दाम.’

‘का?’

‘ती सीट त्याची झालती.’

सोनलच्या हातातला ग्लास तसाच राहिला. कृष्णात शिव्यांची वाट बघत होता. शिव्या आल्या असत्या तर त्या तरी त्याच्या वाट्याच्या असत्या.

‘बाबालाल हाय का गेला?’ तात्यासोंनी विचारलं.

‘बाहीर हाय.’

‘त्याला आत लावून दे. चार लोकांत बोललो मी त्याला.’

कृष्णात थांबला. स्वतःबद्दल काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून. तात्यासोंनी दोरा बाजूला सारला आणि दाराकडं नजर लावली. त्याच्यासाठी तिथं आणखी काही नव्हतं.

तो बाहेर आला. ‘जा. तुला बोलावलंय.’

‘सांगितलंस व्हय?’ बाबालालनं विचारलं.

‘जा की.’

बाबालाल आत गेला. कृष्णात स्कूटरच्या सावलीला उभा राहिला. केबिनची काच समोरच होती. आत बाबालाल दारात दिसला आणि तात्यासोंनी वॉकर पुढं ओढला. सोनल धरायला धावली, त्यांनी हातानंच तिला लांब केलं. एक हात टेबलावर, एक वॉकरवर, तोंड वेडंवाकडं करत म्हातारा इंच इंच वर आला आणि बाबालालसमोर पुरता उभा राहिला.

पंचवीस वर्षांत कृष्णातनं त्यांना नुसतं बसवलं होतं. त्याच्यासाठी ते कधी उठले नव्हते.